व्यक्तिचित्र : चेहऱ्यापलीकडच्या माणसाचा शोध

(व्यक्तिचित्रणकलेवरील व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रीमद्भागवतातील उषा आणि अनिरुद्ध यांची कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. बाणासुराची कन्या उषा हिला स्वप्नात एक तरुण दिसला आणि तिने त्याला मनाने वरले. जागी झाल्यावर मात्र तिला त्याचे नावही सांगता येईना. तेव्हा तिची सखी चित्रलेखा हिने कुंचला हाती घेतला. देव, गंधर्व, मानव अशी एकेकाची चित्रे ती रेखाटू लागली. यादवकुळातील पुरुष रेखाटताना प्रद्युम्नाचे चित्र पूर्ण झाले, तेव्हा उषा लाजली. आणि प्रद्युम्नपुत्र अनिरुद्धाचे चित्र समोर येताच तिने मान खाली घातली. ओळख पटली!

व्यक्तिचित्रणाचे सारे मर्म या छोट्याशा प्रसंगात साठवलेले आहे. पिता आणि पुत्र यांच्या चेहऱ्यांत साम्य असणारच. ते साम्य राखूनही 'हा पिता' आणि 'हा पुत्र' एवढा भेद ज्या हाताला दाखवता येतो, तो हात खऱ्या व्यक्तिचित्रकाराचा. नाक, डोळे, ओठ यांची मापे जुळली म्हणजे माणूस जुळला, असे होत नाही. आपल्या पूर्वसूरींनाही हे पुरते ठाऊक होते. कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. सादृश्य, म्हणजे हुबेहूबपणा, हे त्यांतील एक अंग आहे, एकमेव नव्हे.

मग उरलेले कार्य चित्रकार कसे साधतो? एखादे व्यक्तिचित्र प्रत्यक्षात कसे घडते? याचे उत्तर केवळ सिद्धांतात सापडणार नाही. त्यासाठी काही चित्रांपाशीच जाऊन उभे राहावे लागेल. महाराष्ट्रातील चित्रकारांनी घडवलेल्या अशा काही चित्रांचा आज विचार करावयाचा आहे. यांतील प्रत्येक चित्रापुढचा प्रश्न निराळा होता. परंतु प्रत्येक वेळी चित्रकाराला काय रंगवायचे याआधी काय रंगवायचे नाही, याचा निर्णय करावा लागला. कलेतील संयम तो हाच.

बैठकीतील साधना

व्यक्तिचित्राची बैठक ज्यांनी पाहिली असेल, त्यांना एक गोष्ट जाणवली असेल. समोर बसलेली व्यक्ती प्रारंभी स्वतःचा चेहरा जणू सजवून बसते. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर कुठेतरी दूर. छायाचित्र काढवून घेताना आपण सारे जे करतो, तेच. अनुभवी चित्रकार अशा वेळी घाई करीत नाही. तो गप्पा मारतो, गावाकडची चौकशी करतो, मधूनच कोळशाने चार रेषा ओढतो. काही वेळाने बसणाऱ्याला आपण बसलो आहोत याचा विसर पडतो, खांदे सैल होतात, मान तिच्या नेहमीच्या बाजूला किंचित कलते. चित्र खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते.

त्यानंतर चित्रकार डोळे किलकिले करून पाहू लागतो. ही केवळ लकब नव्हे. डोळे अर्धवट मिटले की पापण्यांचे केस, सुरकुत्या, साडीवरची बुट्टी असे बारीक तपशील नाहीसे होतात आणि उजेड व सावली यांचे मोठे आकार तेवढे शिल्लक राहतात. आपली आई किंवा आपला मित्र दूर रस्त्याच्या टोकाशी दिसला, तरी आपण त्याला ओळखतो. त्या अंतरावरून त्याचे डोळे आपल्याला कुठे दिसतात? आपण ओळखतो ती ठेवण, चालीची ढब, डोक्याचा खांद्यांशी असलेला संबंध. चित्रकार प्रथम हीच ठेवण पकडतो. ती एकदा साधली, की डोळ्यांतील प्रकाशाचा बिंदू शेवटच्या दहा मिनिटांतही ठेवता येतो. ती चुकली, तर डोळे कितीही कोरून काढले तरी चित्र परकेच राहते.

दिवा आणि कोरा कागद

पहिले चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. निदान त्याची छापील प्रत तरी. हातात दिवा घेतलेली एक स्त्री उभी आहे, दुसऱ्या हाताचा आडोसा तिने ज्योतीला केला आहे आणि बोटांच्या फटींतून प्रकाश झिरपतो आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात असलेले हे चित्र 'ग्लो ऑफ होप' या नावाने प्रसिद्ध आहे. अनेक घरांत आणि दुकानांत ते राजा रविवर्मा यांचे म्हणून दाखवले जाते. वस्तुस्थिती अशी, की रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले आणि हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी रंगवले गेले. ते चित्र आहे सावंतवाडीच्या मातीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे.

हळदणकरांचा जन्म १८८२ चा. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशिक्षणसंस्था काढली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया'च्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. या चित्रासाठी ते कोणा व्यावसायिक मॉडेलकडे गेले नाहीत. दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची कन्या गीता. कोल्हापूरला स्थायिक झालेल्या गीताबाईंनी दीर्घ आयुष्य उपभोगून, वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये जगाचा निरोप घेतला.

चित्र तैलरंगांत नसून जलरंगांत आहे, हे कळल्यावर जाणकारही क्षणभर थबकतात. तैलरंगात काम करणाऱ्याला एक सोय असते. पार्श्वभूमी काळोखी करून घ्यावी, चेहरा रंगवावा आणि अखेरीस घट्ट पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा ठिपका देऊन ज्योत पेटवावी. चुकले तर खरवडावे, वाळू द्यावे, पुन्हा रंगवावे. पारदर्शक जलरंगात हा मार्ग बंद असतो. तेथे पांढरा रंग म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरेपणा. सर्वांत उजळ जागा रंगवून मिळत नाही. ती सोडून द्यावी लागते. काम फिक्याकडून गडदाकडे जाते आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा तितकी उजळ कधीच होत नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. दिव्याचे चित्र म्हणजे बहुतांशी अंधाराचे चित्र. भोवताली गडद छटांचे थर द्यायचे आहेत. परंतु त्या अंधाराच्या मध्यभागी असलेली ज्योत, उजळलेला गाल, बोटांच्या कडा या जागा पहिल्या क्षणापासून जपायच्या आहेत. एखादा ओघळ चुकून त्या जागेत शिरला, तर आधीची सारी मेहनत व्यर्थ. म्हणजे चित्र कागदावर उतरण्यापूर्वी ते चित्रकाराच्या मनात पूर्ण झालेले असले पाहिजे. जलरंगात दोषरहित काम होऊ शकते, हे दाखवण्याच्या निश्चयानेच हळदणकरांनी हे माध्यम निवडले, असे सांगितले जाते. आणि चित्र पाहिल्यावर त्या निश्चयाची खात्री पटते.

आणखी एक निरीक्षण. ज्योतीसमोर हात धरून पाहावा. तळव्याचा जाड भाग काळसर दिसतो, पण बोटांच्या कडा लालसर उजळतात, कारण तेथे प्रकाश पातळ कातडीतून आरपार येतो. त्या लाल कडेतच जिवंत रक्ताची ऊब आहे. हळदणकरांच्या चित्रातील हात पाहणाऱ्याला तो पुतळ्याचा न वाटता लेकीचा हात वाटतो, याचे रहस्य या सूक्ष्म अवलोकनात आहे. आणि म्हणूनच हे चित्र एका मुलीचे व्यक्तिचित्र असूनही, देवघरात सांजवात लावणाऱ्या प्रत्येक घरातील स्त्रीचे चित्र झाले.

एकच माणूस, दोन रूपे

दुसरा प्रश्न निराळा आहे. समोरची व्यक्ती चित्रकाराची स्वतःची कन्या असेल, तर चित्र चुकले हे कळणारी माणसे थोडी. परंतु ज्या व्यक्तीचा चेहरा सबंध महाराष्ट्राच्या हृदयावर कोरलेला आहे, तिचे चित्र काढायचे असेल तर? तेथे प्रत्येक प्रेक्षक हा परीक्षक असतो.

हे आव्हान ज्यांनी एकाहून अधिक वेळा स्वीकारले, ते चित्रकार म्हणजे गोपाळ देऊसकर. १९११ मध्ये अहमदनगर येथे (आजच्या अहिल्यानगरात) जन्मलेले, सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले, पुढे लंडनला जाऊन पाश्चात्त्य चित्रकलेचा अभ्यास करून आलेले देऊसकर १९९४ मध्ये निवर्तले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहासाठी लोकमान्य टिळकांचे तैलचित्र त्यांनी रंगवले आणि १९५६ मध्ये, लोकमान्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ती वास्तू आज 'संविधान सदन' म्हणून ओळखली जाते.

लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले, तेव्हा देऊसकरांना नऊ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. म्हणजे येथे बैठक नाही, गप्पा नाहीत, मान कलण्याची वाट पाहणे नाही. दिवंगत व्यक्तीचे चित्र रंगवणाऱ्यासमोर बहुधा जुनी छायाचित्रे तेवढी असतात, आणि छायाचित्र पुष्कळ सांगत असले तरी पुष्कळ लपवतेही. कृष्णधवल छायाचित्रात पगडीचा लाल रंग नसतो, उपरण्याच्या पांढऱ्यातील ऊब-थंडी नसते, कातडीचा वर्ण नसतो. त्या काळी कॅमेऱ्यासमोर निश्चल बसावे लागे, म्हणून चेहऱ्यावर एक ताठरपणा येई. चित्रकाराने तो ताठरपणा जसाच्या तसा उतरवला, तर समोर लोकमान्य नव्हेत, लोकमान्यांच्या छायाचित्राची नक्कल उभी राहते. निरनिराळ्या वेळची छायाचित्रे शेजारी ठेवून, त्यांत कायम काय राहिले आहे आणि त्या एका क्षणापुरते काय आले आहे, हे निवडावे लागते. जे क्षणाचे, ते सोडायचे; जे माणसाचे, ते ठेवायचे.

नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्व यांच्या बाबतीत तर कोडे आणखी अवघड होते. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिनी, रसिकांसाठी उघडले. ज्यांच्या नावाने ते उभे राहिले आणि ज्यांनी १९६२ मध्ये त्याचे भूमिपूजन केले, ते बालगंधर्व त्याआधी वर्षभर, जुलै १९६७ मध्ये, निवर्तले होते. त्यांचे चित्र रंगमंदिरात असणे क्रमप्राप्तच होते. पण कोणते चित्र? 'मानापमाना'तील भामिनी, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी, 'एकच प्याला'तील सिंधू ही रूपे महाराष्ट्राने डोळे भरून पाहिली होती. त्यांच्या नेसण्याचे आणि दागिन्यांचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत. रसिकांच्या मनातील बालगंधर्वांचा चेहरा हा स्त्रीभूमिकेतला चेहरा होता. मात्र त्या भूमिकेच्या आत नारायणराव नावाचा एक पुरुष होता. 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ रोजी, घरात कन्येचा मृत्यू झालेला असतानाही रंगभूमीवर उभा राहिलेला. वैभव पाहिलेला आणि ते ओसरतानाही पाहिलेला.

केवळ स्त्रीवेष रंगवला, तर माणूस हरवतो. केवळ पुरुषरूप रंगवले, तर ज्यासाठी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले तेच हरवते. दोहोंची सरमिसळ करणे म्हणजे थट्टाच. देऊसकरांनी दोन चित्रे रंगवली. एक पुरुषरूपातील, एक स्त्रीभूमिकेतील. हा तोडगा ऐकायला सोपा वाटतो. परंतु एका चेहऱ्याचे दोन चेहरे करताना दोन्ही ठिकाणी हाडांची ठेवण तीच राहिली पाहिजे आणि तरीही मानेचा झोक, नजरेतील भाव, बोटांची ठेवण पूर्ण पालटली पाहिजे. पाहणाऱ्याला एकाकडून दुसऱ्याकडे जाताना 'हा तोच' हे कळले पाहिजे. चित्रलेखेपुढे पिता-पुत्रांतील भेदाची कसोटी होती; येथे एकाच माणसातील दोन जीवनांची.

न पाहिलेला चेहरा

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आणि आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा. ज्या महापुरुषाला चित्रकाराने पाहिले नाही, ज्याचे छायाचित्र असण्याचा संभव नाही, त्याचे चित्र कसे काढावे? अर्थात छत्रपती शिवाजी महाराजांचे.

येथे श्रद्धा पुरेशी नाही, हे इतिहासानेच दाखवून दिले आहे. एके काळी इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून महाराष्ट्रात प्रचलित होते. लोक त्याला भक्तिभावाने हार घालीत होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन डच साधनांशी संबंध असलेले चित्र शोधून १९३३ मध्ये ते जनतेसमोर आणले, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. भक्ती खरी होती. चित्र खोटे होते. एका संशोधकाच्या चिकाटीमुळे महाराष्ट्राला आपल्या राजाचा चेहरा परत मिळाला.

आज महाराजांची सतराव्या शतकातील चित्रे जगातील काही मोजक्या संग्रहांत आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधील विट्सेन चित्रसंग्रहात एक आहे. इटालियन प्रवासी मनुची याच्या संग्रहातील चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लेखी साधनेही आहेत. १६६४ मध्ये सुरतेत असलेला इंग्रज धर्मोपदेशक एस्कॅलियट याने, महाराजांना पाहिलेल्या लोकांच्या सांगण्यावरून, त्यांचे वर्णन लिहून ठेवले : मध्यम उंची, सरळ आणि प्रमाणबद्ध बांधा, बोलताना हसल्याचा भास, आणि चपळ, भेदक दृष्टी.

चित्रकाराच्या हाती एवढीच सामग्री. तीही अडचणीची. त्या काळच्या लघुचित्रांत व्यक्ती बहुधा एका बाजूने दाखवण्याची रीत होती. मग समोरून पाहणारा चेहरा रंगवायचा असेल, तर दुसरी बाजू अनुमानाने सिद्ध करावी लागते. नाकाची धार बाजूने कळते. दोन डोळ्यांतील अंतर कळत नाही. चेहरा गंभीर ठेवावा, तर बोलताना हसल्याचा भास ही नोंद आडवी येते. हसरा ठेवावा, तर राजाचे गांभीर्य उणावते. कदाचित ओठांच्या कोपऱ्यातील अगदी बारीक सैलपणात याचे उत्तर असेल. जेथे साधने बोलतात, तेथे चित्रकाराने गप्प बसावे. जेथे साधने गप्प आहेत, तेथेच त्याने बोलावे, आणि तेही हळू आवाजात. आपल्या मनातील आवडता नायक महाराजांच्या नावाखाली खपवण्याचा मोह आवरणे, हीच येथली साधना.

कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी रंगवलेले चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. कांबळे हे चित्रपटांची भव्य पोस्टरे रंगवून नावारूपाला आलेले कलावंत. भपका आणि अतिशयोक्ती हा पोस्टरकलेचा धर्मच. त्या क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या हाताने महाराजांच्या चित्रात मात्र तो भपका बाजूला ठेवला, याची जाणीव ते चित्र पाहताना ठेवली पाहिजे. शाळा-कचेऱ्यांतील ज्या चेहऱ्यापुढे लक्षावधी मुले हात जोडतात, त्यामागे एका कलावंताने स्वतःला आवरल्याचा इतिहास आहे.

आपल्या घरातील भिंत

हे सारे थोरांच्या चित्रांविषयी झाले. पण प्रत्येक घरात एक भिंत अशी असते, जिच्यावर आजी-आजोबांची, आई-वडिलांची चित्रे असतात. वडील गेल्यावर मुले एक लहानसे छायाचित्र घेऊन चित्रकाराकडे जातात आणि सांगतात, 'जरा गोरे करा, सुरकुत्या काढून टाका, कोट घाला.' चित्रकार पोटासाठी तसे करतो. चित्र भिंतीवर लागते. घरातली म्हातारी आई मात्र त्याच्याकडे पाहून गप्प राहते, कारण ज्या माणसाबरोबर तिने पन्नास वर्षे काढली, तो त्या चौकटीत नसतो. उन्हातान्हात राबून रापलेला वर्ण आणि कपाळावरच्या आठ्या हीच त्या माणसाची मिळकत होती. ती मुलांनीच पुसून टाकलेली असते.

म्हणून चित्र करवून घेणाऱ्याचाही एक धर्म आहे. चित्रकाराला एक नव्हे, वेगवेगळ्या वयाची चार छायाचित्रे द्यावीत. गेलेल्या माणसाची बसण्याची पद्धत, हसण्याची तऱ्हा, हातात नेहमी काय असे, हे सांगावे. वर्ण बदलण्याचा आग्रह धरू नये. आणि चित्र पूर्ण झाल्यावर मागच्या बाजूस व्यक्तीचे नाव, वर्ष आणि चित्रकाराचे नाव लिहून ठेवावे. हळदणकरांचे जगप्रसिद्ध चित्र दुसऱ्याच्या नावावर खपते, ते आपण चित्राच्या कोपऱ्यातील सही वाचत नाही म्हणून. इब्राहिमखानाच्या चित्राला हार पडले, ते चित्र कोठून आले हे कोणी विचारले नाही म्हणून. या दोन्ही चुका लहान घरांतही होतात. दोन पिढ्या उलटल्या की भिंतीवरचे पणजोबा अनोळखी होतात.

ज्या समाजाला आपल्या माणसांविषयी आदर आहे, त्याने त्यांच्या चेहऱ्यांविषयीही सत्यनिष्ठ असले पाहिजे. हार घालणे सोपे आहे. नीट पाहणे कठीण आहे. व्यक्तिचित्रकार आयुष्यभर हे कठीण काम आपल्यासाठी करीत असतो. कोरा कागद कोरा ठेवण्याचे धैर्य, क्षणाचे सोडून माणसाचे ठेवण्याचा विवेक आणि साधने मौन पाळतात तेथे हळू बोलण्याची नम्रता, हे त्याचे तीन गुण. खरे पाहता माणसे ओळखू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ते हवेत.

उषेने अनिरुद्धाचे चित्र पाहिले आणि मान खाली घातली. तिला कोणी नाव सांगावे लागले नाही. आपल्या घरातील एखाद्या चित्रासमोर पुढच्या पिढीतील एखादे मूल उभे राहील, तेव्हा त्यालाही कोणी सांगावे न लागता कळावे, की हा माणूस आपला होता. एवढे ज्या चित्राने साधले, ते चित्र पूर्ण झाले.